मुंबईत दोन-चार दिवस उतरायचं कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाकडून फोन येतो, पाऊसपाण्याची चौकशी होते आणि मग आवाज जरा खाली येतो. पुढचं वाक्य मला पाठ आहे: "अगं, जरा मुंबईला यायचं होतं..." मी तासगावची, मुंबईत येऊन बावीस वर्षं झाली. घर दीड खोलीचं. ‘आमच्याकडेच या’ असं मनापासून म्हणते, पण चौथ्या माणसाला पाय पसरायला जागा नाही हे त्यांनाही माहीत असतं. मग लॉज बघून देणं आलं. इतक्या वर्षांत फोनवर जी उत्तरं देत आले, ती एकदाची लिहून ठेवते.

दोन दिवसांसाठी येतोय. राहायला सगळ्यात चांगला भाग कोणता?

आधी तुम्ही सांगा, काम काय आहे आणि किती वाजता आहे.

मुंबई लांबुळकी आहे. खाली दक्षिणेला चर्चगेट आणि सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, जुनं व्हीटी). तिथून वर निघालात की बोरिवली ३४ किलोमीटर, विरार ६०. मध्य रेल्वेवर ठाणेसुद्धा ३४ किलोमीटरच. सकाळी आठ ते अकरा सगळी मुंबई वरून खाली उतरते आणि संध्याकाळी साडेपाचपासून परत वर चढते. बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) आणि अंधेरीत ऑफिसं वाढल्यापासून हे गणित थोडं विस्कटलंय, पण मोडलेलं नाही. पाहुण्याने या लोंढ्याच्या वाटेत यायचंच नाही. ठरलेल्या वेळेचं, चुकवता न येणारं जे एक काम असेल त्याच्या शेजारी झोपा, नाहीतर त्याच्या दक्षिणेला झोपा. दक्षिणेकडून निघालात तर सकाळी नऊलाही बसायला जागा मिळते, कारण गर्दी समोरून येत असते. बाकीची ठिकाणं दुपारी उरकता येतात. बारा ते चार लोकल माणसाळलेली असते.

दुसरं म्हणजे किलोमीटर विसरा, गाड्या किती बदलायच्या ते मोजा. बोरिवलीहून चर्चगेटला एका फास्ट लोकलमध्ये तासाभरात पोचता. पवई त्याहून जवळ, पण तिथून आधी रिक्षा, मग लोकल, मग टॅक्सी. वेळ तेवढाच आणि डोक्याला ताप तिप्पट.

लॉजच्या जाहिरातीत ‘स्टेशनपासून दोन किलोमीटर’ लिहिलंय. बरं आहे ना?

नाही. हे मी पैसे मोजून शिकले आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या मामांसाठी मी ऑनलाइन खोली घेतली. ‘अंधेरी, स्टेशनपासून दोन किलोमीटर, मेट्रोजवळ’. मामांची हायकोर्टात तारीख होती. लॉज निघालं साकीनाक्याच्या पुढे, एका वर्कशॉपच्या माथ्यावर. दोन किलोमीटर होते ते नुसते जाहिरातीत, रस्त्याने चारच्या वर. मामा सकाळी आठला धुतलेलं धोतर नेसून खाली उतरले. रिक्षावाले ‘स्टेशन’ म्हटल्यावर मान हलवून पुढे जात होते. एक थांबला, तो अंधेरी-कुर्ला रस्त्यावर अडकला. मग अंधेरीची लोकल. मामांनी दोन गाड्या सोडल्या, तिसरीत लोकांनीच त्यांना आत ढकललं. चर्चगेटला उतरले तेव्हा धोतराचा काष्टा सुटलेला आणि एक चप्पल गायब. कोर्टात पोचेपर्यंत पुकारा होऊन गेला होता. वकिलांनी कशीबशी पुढची तारीख घेतली. मामा मला काही बोलले नाहीत, पण त्यानंतर मुंबईची खोली त्यांनी कधी मला सांगितली नाही.

तेव्हा फोन करून विचारायचं ते असं: "स्टेशनवरून चालत यायला किती मिनिटं? कुठल्या बाजूने? मध्ये पूल चढायचा आहे का?" ‘रिक्षाने पाच मिनिटं’ हे उत्तर आलं तर समजा, वीस.

पूर्व आणि पश्चिम यात इतका काय फरक पडतो?

रुळांच्या या बाजूचं पश्चिम, त्या बाजूचं पूर्व. पायी ओलांडायला रेल्वेचा जिना असतो, पण वाहनाला लांबचा पूल गाठावा लागतो आणि असे पूल थोडे आहेत. त्यातही जुने पूल पाडणं चालू आहे. परळ आणि प्रभादेवीला जोडणारा एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद केला, तेव्हापासून तिथल्या टॅक्सीवाल्याला ‘पलीकडे चल’ म्हटलं की तो तुमच्याकडे दयेने बघतो. पत्ता लिहून घेताना पूर्व की पश्चिम हे पिनकोडाच्या आधी लिहा.

मंत्रालयात काम आहे. फोर्टातच राहायला हवं का?

गंमत म्हणजे, नाही. भेटीला येणाऱ्या सामान्य माणसाला मंत्रालयात प्रवेश दुपारी मिळतो, आणि पास आता डिजिप्रवेश ॲपवरून घ्यायचा असतो. म्हणजे नाशिककराने सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडावी, काम करावं आणि रात्री घरी जेवावं. खोलीची गरज पडते ती ‘साहेब आज नाहीत, उद्या या’ झाल्यावर. त्यामुळे सामानात एक जादा शर्ट आणि टूथब्रश असू द्या. पूर्वी अशा वेळी आमदार निवास हा हमखास आसरा असायचा. आपल्या तालुक्यातल्या कुणाची ओळख असेल तर आजही विचारून बघायला हरकत नाही.

हायकोर्टाचं मात्र वेगळं. सकाळी वेळेत पोचायचं, वकिलांना आधी भेटायचं. त्यासाठी फोर्टच. सीएसएमटीच्या आसपास बोराबाजार, मिंट रोड, पी. डिमेलो रोड या पट्ट्यात जुनी लॉजेस आहेत. बऱ्याच इमारतींत लॉज तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट एक तर नाही किंवा ‘आजच बिघडली’ आहे. लाकडी जिना, उंच छत, खिडकीतून समोरच्या गोदामाची भिंत. पण खाली उतरलात की दहा-पंधरा मिनिटांत पायी कोर्ट. सीएसएमटीबाहेरून चर्चगेट आणि नरिमन पॉइंटला शेअर टॅक्सी सुटतात, त्यांची रांग लांब दिसली तरी भरभर सरकते.

एक सावधगिरी: रविवारी फोर्ट ओस पडतं. शनिवारी रात्री आलात तर रविवारी सकाळी साधा चहा शोधायला सीएसएमटीच्या आवारात यावं लागेल.

सगळे दादरच सांगतात. खरंच इतकं सोयीचं आहे?

हो, आणि मीही तेच सांगते, फक्त थोडी कुरकुर करून.

दादरला पश्चिम आणि मध्य दोन्ही रेल्वे भेटतात. अख्ख्या मुंबईत फास्ट गाड्यांसाठी याच्यासारखी जागा नाही. आता मेट्रो तीनचं स्टेशनही पश्चिमेला आहे, स्टेशनातून थोडं चालावं लागतं एवढंच. पुण्याची शिवनेरी पूर्वेला मिळते. सीएसएमटीला जाणाऱ्या बहुतेक लांबच्या गाड्या इथे थांबतात, त्यामुळे महालक्ष्मी किंवा विदर्भने येणाऱ्याने सीएसएमटीपर्यंत जायचीही गरज नाही. फलाटांचे आकडे डिसेंबर २०२३ पासून बदलले आहेत. आधी पश्चिमेचा एक नंबर वेगळा आणि मध्यचा एक नंबर वेगळा असायचा, आता एक ते चौदा सलग आहेत. तुमच्या काकांनी जुन्या आठवणीने सांगितलेला फलाट विसरून जा.

आणि दादरला मराठी माणूस बुजत नाही. पत्ता मराठीत विचारा, मराठीत उत्तर येतं. थालीपीठ आणि साबुदाणा वडा खायला शिवाजी पार्काकडे प्रकाश आहे, आस्वाद आहे. संध्याकाळ मोकळी असेल तर प्लाझासमोर शिवाजी मंदिरला नाटक लागलेलं असतं. पहाटे पाचला पश्चिमेच्या फूलबाजारात जाऊन बघा. ओल्या गोणपाटावर झेंडूचे डोंगर, शेवंतीचे भारे डोक्यावर घेतलेले हमाल ‘बाजू, बाजू’ ओरडत अंगावर येतात, आणि पायाखाली इतक्या पाकळ्या असतात की चप्पल घसरते. सातपर्यंत निम्मा माल पहिल्या गाड्यांनी उपनगरात गेलेला असतो.

आता कुरकुर. दादरला लॉज कमी आणि मागणी जास्त, त्यामुळे तेवढ्याच पैशात खोली लहान मिळते. स्टेशनच्या अगदी तोंडाशी असलेली खोली घेतलीत तर रात्रभर उद्घोषणा ऐकाल. माझं मत विचाराल तर पूर्वेला हिंदू कॉलनी, खोदादाद सर्कलच्या आसपास बघा. झाडं आहेत, फुटपाथ चालण्याजोगे आहेत आणि माटुंग्याच्या इडलीपर्यंत पायी जाता येतं.

रिक्षा मात्र मिळणार नाही. पश्चिमेला वांद्र्याच्या आणि पूर्वेला शीवच्या खाली रिक्षाला परवानगीच नाही, टॅक्सी घ्यायची. फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आणि रिक्षाचं २६ रुपये. मीटर पाडायला सांगायला लाजू नका, मुंबईत मीटरवरच जातात.

टाटाला पेशंट दाखवायचा आहे. कुठे सोय होईल?

सगळ्यात आधी कागद नीट वाचा: परळ की खारघर. टाटाचं मुख्य कॅन्सर रुग्णालय परळला आहे, पण बऱ्याच पेशंटना खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच केंद्रात बोलावतात. परळला खोली घेऊन रोज खारघरला जाणं म्हणजे पेशंटचे हाल. खारघर असेल तर खारघर, बेलापूर, पनवेल याच पट्ट्यात राहा.

परळ असेल तर खाजगी लॉजच्या आधी धर्मशाळेचा विचार करा. दादर पूर्वेला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे, आणखीही संस्था आहेत. या ठिकाणी थेट जाऊन खोली मिळेलच असं नाही. टाटाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जा, केस पेपर दाखवा, तिथले लोक चिठ्ठी देतात आणि कुठे जागा आहे तेही सांगतात. पहिल्याच दिवशी जा, उपचार किती दिवस चालणार हे कळेपर्यंत थांबू नका.

पहिल्या दोन रात्रींपुरती खोली लागेल ती परळ किंवा दादर पूर्वेला घ्या. केईएम, वाडिया आणि टाटा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत, त्यामुळे तिन्हींसाठी हेच उत्तर. पेशंटसाठी खोली घेताना लिफ्ट आहे का आणि संडास कमोडचा आहे का, हे दोन प्रश्न भाड्याच्या आधी. ‘हॉस्पिटलमध्ये लवकर नंबर लावून देतो’ म्हणत बाहेर कुणी भेटला तर त्याला ओळख देऊ नका.

आई-बाबांना मुंबई दाखवायची आहे, दोघंही सत्तरीचे. कुठे राहावं?

गिरगाव किंवा चर्चगेट-कुलाबा. खिशाला झेपत असेल तर दुसरं, नसेल तर पहिलं.

वय झालेल्या माणसाला दुपारी खोलीवर येऊन पडायला मिळालं पाहिजे. तुम्ही बोरिवलीला उतरलात तर सकाळी बाहेर काढलेले आई-बाबा रात्रीच परत येणार, आणि दुसऱ्या दिवशी ‘तुम्ही जाऊन या, आम्ही बसतो’ म्हणणार. कुलाब्यातून गेटवे आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पायी. गिरगावातून चौपाटी पायी, मरिन ड्राइव्हवर संध्याकाळी वारा खात बसता येतं. सकाळी बाबांना १८९३ साली सार्वजनिक गणपती बसलेली केशवजी नाईक चाळ आणि जवळची खोताची वाडी दाखवा. लाकडी जिने आणि नक्षीच्या गॅलऱ्या बघून ते तुम्हाला तासभर जुन्या गोष्टी सांगतील.

जिन्यांनी गुडघे दुखतात त्यांच्यासाठी मेट्रो तीन वरदान आहे. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत पूर्ण धावते. आरेपासून ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, सगळीकडे लिफ्ट आणि सरकते जिने, भाडं १० ते ७० रुपये. गिरगावातून बसलं की सिद्धिविनायकचं स्टेशन थेट. मुंबई सेंट्रलला उतरायचं असेल तर ‘जगन्नाथ शंकर शेट’ ही पाटी बघा, नाहीतर पुढे निघून जाल. आमच्या शेजारच्या काकू गेल्या होत्या.

वारांचं भान ठेवा. घारापुरी सोमवारी बंद. राणीबाग आणि तिला लागून असलेलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. सिद्धिविनायकला मंगळवारी जाणं हा भक्तीचा भाग असेल तर माझं काही म्हणणं नाही, पण आईला रांगेत उभं करायचं नसेल तर दुसरा कुठलाही वार.

पहाटेचं विमान आहे. विमानतळाजवळ म्हणजे नक्की कुठे?

तिकीट उघडा. टी-१ की टी-२ ते बघा. दोन्ही एकाच विमानतळाची टर्मिनल असली तरी रस्त्याने चार-पाच किलोमीटरचं अंतर आहे आणि पहाटे चुकीच्या दारात उतरलेली माणसं मी स्वतः रडकुंडीला आलेली पाहिली आहेत. टी-१ साठी विलेपार्ले पूर्व उत्तम. वस्ती मराठी, रात्री बाराला बाईमाणूस निर्धास्त चालेल अशी, आणि जेवायला भरपूर ठिकाणं. टी-२ साठी अंधेरी पूर्वेचा सहार, चकाला, मरोळ हा पट्टा.

मेट्रो दोन्ही टर्मिनलला जाते, पण रात्री साडेदहाच्या सुमारास शेवटची गाडी सुटते. चारच्या विमानाला तिचा उपयोग नाही. लोकलही साधारण एक ते चार बंद असते.

डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय. तिकिटावर बीओएम असेल तर जुनं विमानतळ, एनएमआय असेल तर नवी मुंबई. एनएमआयवाल्याने अंधेरीत खोली घेतली तर पहाटे शहर ओलांडून जावं लागेल. त्याने पनवेल, खारघर, बेलापूर, नेरूळ यातलं काही बघावं. पुण्या-कोल्हापूरकडच्यांना खरं तर खोलीच लागू नये, रस्ता पनवेलवरूनच आहे.

आमची गाडी एलटीटीला येते. मग कुर्ल्यालाच राहू का?

गाडी तिथे येते म्हणून तिथेच राहिलं पाहिजे असं काही नाही. लोकमान्य टिळक टर्मिनस कुर्ल्याच्या नावाने ओळखलं जातं, पण कुर्ला स्टेशनपासून दूर आहे. हार्बर लोकलच्या मार्गावरचं टिळकनगर जवळ पडतं. रात्री बाहेर पडलात की रिक्षावाल्यांचा घोळका येतो आणि जो तो ठोक भाडं सांगतो. प्रीपेड किंवा मोबाइलवरची रिक्षा घ्या आणि चेंबूर गाठा.

चेंबूर हे मला वाटतं मुंबईतलं सगळ्यात दुर्लक्षित उत्तर आहे. हार्बरवर बसलात की थेट सीएसएमटी, रिक्षा आहेत, झाडं आहेत, पुण्याहून येणारा रस्ता दारात. चांगलं जेवण तर आहेच, स्टेशनजवळच्या दाक्षिणात्य हॉटेलांत सकाळी सातला फिल्टर कॉफी घेऊन बसलेली मंडळी बघून तुम्हालाही घाई राहत नाही.

अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत आहे, बीकेसीत. तिथली हॉटेलं परवडणार नाहीत.

कुणालाच परवडत नाहीत, कंपनी भरत असेल तर गोष्ट वेगळी. सांताक्रूझ पूर्वेला कलिना-वाकोला बघा, किंवा वांद्रे पूर्व. कुर्ला पश्चिम कागदावर जवळ आहे, पण सकाळी कुर्ला स्टेशन ते बीकेसी या रस्त्यावर रिक्षांची जी रांग लागते ती मुलाखतीच्या दिवशी अनुभवायची गोष्ट नाही. दादरला राहिलात तर मेट्रो तीनने थेट बीकेसी स्टेशन आहे, तेही चालेल. वाणिज्य दूतावासात मोबाइल आणि बॅग नेता येत नाही, म्हणून बरोबर आलेल्या माणसाकडे द्या किंवा खोलीवरच ठेवा. एवढ्यासाठी तरी मुलाखतीनंतर खोली सोडायची ठेवा.

ठाण्याला आत्या राहते. लॉजवर राहिलो तर तिला वाईट वाटेल.

मग आत्याकडेच राहा. लॉज सुचवून मला तुमच्या घरात भांडण लावायचं नाही. पण सकाळी नऊचं काम फोर्टात असेल तर तिला आदल्या दिवशी सांगून ठेवा की पोह्यांसाठी थांबणार नाही. ठाण्याहून सीएसएमटीला फास्ट लोकल पाऊण ते एक तास घेते. गाडीत शिरायला लागणारा वेळ वेगळा, त्यासाठी ठाण्यातच सुटणारी लोकल बघा, तीत पाय ठेवायला जागा मिळते. आत्या वाशीला असेल तर प्रश्नच नाही, घरं मोठी असतात.

बाई एकटी येणार आहे. कुठला भाग सुरक्षित?

मुंबईत भागापेक्षा रस्ता बघा. लॉजपर्यंतचा शेवटचा पाच मिनिटांचा रस्ता रात्री दहाला उजेडाचा आणि दुकानांचा आहे का, एवढंच मी बघते. दादर, माटुंगा, पार्ले पूर्व, चर्चगेट, ठाण्याचा नौपाडा इथे सहसा अडचण येत नाही. ग्रँट रोडच्या पूर्वेची आणि मस्जिद बंदरची स्वस्त लॉजेस व्यापारी मालाच्या खेपेला येणाऱ्यांसाठी आहेत. माणसं वाईट नसतात, पण रात्री दुकानांची शटर पडली की गल्ल्या सुनसान होतात. बुकिंग करताना ‘एकट्या बाईला खोली देता ना?’ हे फोनवर स्पष्ट विचारा. काही ठिकाणी अजूनही काउंटरवर उभं करून नकार देतात, माझ्या मैत्रिणीला रात्री अकराला दिला होता.

स्वतःची गाडी घेऊन येतोय.

ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर लहान गाड्यांना टोल नाही, म्हणून अनेकांना हुरूप आलाय. टोल गेला, पार्किंग आलं नाही. वाशी किंवा चेंबूरला पार्किंग असलेली जागा घ्या, गाडी तिथे झोपू द्या आणि तुम्ही हार्बर लोकलने फिरा.

पावसाळ्यात येणं कितपत शहाणपणाचं?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तसं रोज होत नाही, पण तासभर जोर धरला आणि भरती असली की हिंदमाता, गांधी मार्केट, अंधेरी सबवे, मिलन सबवे ही नावं बातम्यांत येतात. कुर्ला-शीवच्या मध्ये पाणी साचलं की मध्य रेल्वे मान टाकते. जून ते सप्टेंबर यायचं असेल तर कामाच्या जागेपासून चालत जाता येईल अशीच खोली घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी. आणि ती तळमजल्यावर नको.

कुठल्या दिवशी अजिबात खोली मिळत नाही?

६ डिसेंबरच्या आसपास दादर. चैत्यभूमीला लाखो लोक येतात, त्या दिवशी तुमचं तिथे काम नसेल तर दादर टाळा. गणपतीत लालबाग-परळ, आणि अनंत चतुर्दशीला गिरगाव. त्या रात्री रस्ते बंद असतात, टॅक्सी लॉजपर्यंत येत नाही. मिरवणुकीसाठीच येणार असाल तर अर्थात गिरगावातच राहा, महिनाभर आधी सांगून. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद, कुठल्या मार्गावर ते शनिवारीच बघून ठेवा.

खोली ताब्यात घेण्याआधी काय बघायचं?

पैसे देण्याआधी वर जाऊन खोली बघायला मागा. नाही म्हणाले तर दुसरीकडे चला. आत गेलात की नळ सोडा आणि थांबा. पहिल्यांदा सुसाट येणारं पाणी अर्ध्या मिनिटाने करंगळीएवढं झालं, तर टाकी रिकामी आहे. गरम पाणी किती ते किती मिळतं ते विचारा, बऱ्याच लॉजमध्ये सकाळी दोनच तास असतं. उशी उचलून खालची चादर बघा. खिडकी उघडा. ती उघडली आणि हात लांब केल्यावर दुसरी भिंत लागली तर ‘हवेशीर’ म्हणजे काय ते कळलं. दाराची आतली कडी लावून बघा, नुसती हलवून नाही, लावून.

चेकआउट कुठल्या पद्धतीचं आहे ते पावतीवर लिहून घ्या. ‘चोवीस तास’ म्हणजे तुम्ही सकाळी सातला आलात तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत. ‘बाराचं चेकआउट’ असेल तर सकाळी सातला आलेल्या माणसाला कधी पाच तासांचे वेगळे पैसे लावतात. रात्रीच्या गाडीने येणाऱ्याला चोवीस तासवालं लॉज बरं पडतं. एका लॉजवर फोनवर चोवीस तास सांगितलं आणि निघताना भिंतीवरची बाराची पाटी दाखवली, तेव्हापासून मी लिहून घेते.

खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांपर्यंत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे. बारा टक्के लावलेलं बिल आलं तर शांतपणे दाखवून द्या. आधार कार्ड सगळ्यांचं लागतं, एकाचं नाही.

रात्री उशिरा पोचलो आणि कुठेच खोली नाही. आता?

सीएसएमटीला आणि मुंबई सेंट्रलला रेल्वेच्या रिटायरिंग रूम आहेत, आरक्षित तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीवरून मिळतात. दोन्ही स्टेशनांवर पॉड हॉटेलही आहे. एक माणूस झोपेल एवढी खोपी, आत दिवा आणि चार्जिंग. तेही भरलं असेल तर सामान क्लोकरूममध्ये टाका. बॅगेला कुलूप नसेल तर ते घेत नाहीत, म्हणून येतानाच एक छोटं कुलूप आणा. मग प्रतीक्षालयात बसा आणि पहिल्या लोकलची वाट बघा. आणि चारच्या आधी मला फोन करू नका. चारनंतर करा, पाणी भरायला उठलेलीच असते.